खालून कापलेल्या चार ओळी

बोरीवलीतल्या आमच्या सोसायटीच्या बावीस बिऱ्हाडांपैकी सतरा बिऱ्हाडांची पोटं एकाच आठवड्यात बिघडली, याला मी जबाबदार होतो. ही बातमी तेव्हा कुठंही छापून आली नाही. काय छापायचं आणि काय नाही हे जिथं ठरतं, त्या टेबलावर मीच बसत होतो.

प्रकरण सुरू झालं ते माझ्या वडिलांच्या रक्तापासून. आप्पा गिरणीत जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम, होते. संपानंतर त्यांची गिरणी उघडलीच नाही. दोन-तीन वर्षं इकडेतिकडे काढल्यावर कांदिवलीच्या एका औषध कंपनीत त्यांना टाइमकीपरची नोकरी लागली, तीही तात्पुरती. वर्ष संपलं, साहेब लोक खूश होते, कायम करण्याचा कागद तयार होता. राहिली होती फक्त कंपनीच्या डॉक्टरांची सही. डॉक्टरांनी छाती तपासली, वजन केलं, रक्त काढलं आणि म्हणाले, "कोलेस्टेरॉल फार आहे. महिन्यानं पुन्हा बघू. उतरलं तर सही करतो."

आप्पा त्रेपन्न वर्षांचे होते. ही सही हुकली तर पुढची नोकरी कुठली आणि कोण देणार, हा प्रश्न घरात कुणी मोठ्यानं विचारला नाही. मोठ्यानं विचारला तो दुसरा.

"ह्या कोलेस्टेरॉल म्हंजे काय आसता?" आप्पा चपला काढता काढता म्हणाले.

"रक्तातली चरबी," मी म्हणालो.

"माज्या रगतात चरबी? तीस वर्सां गिरणीत घाम गाळलंय! चरबी ऱ्हवतली खय?"

"रोज दोन वेळा तळलेले बांगडे, वर खोबऱ्याचं वाटप," माझी बायको शैला आतून म्हणाली. "राहायला जागा पुष्कळ आहे, आप्पा." (शैला शाळेत शिकवते. उत्तर चुकलं की ती लगेच लाल शाई काढते.)

त्या काळी कोलेस्टेरॉल हा शब्द आमच्या भागात नवा होता आणि त्याला थोडी प्रतिष्ठा होती. ते कळायला रक्त तपासावं लागे, आणि रक्त तपासणारी कंपनी साधीसुधी नसे. त्यामुळे आप्पांना कोलेस्टेरॉल झालंय हे कळल्यावर सोसायटीच्या फाटकाजवळच्या बाकावर त्यांच्याकडे जरा आदरानं बघितलं जाऊ लागलं. सोसायटीचे सेक्रेटरी जयंतीभाई तर उघड हळहळले, "आप्पा, आपल्याला पण असणार हां ते. फक्त कोणी बघितला नाय."

आता माझ्याबद्दल. मी एका मराठी दैनिकात उपसंपादक होतो. दर गुरुवारी आमच्याकडे आरोग्याचं सदर येई. ते लिहीत एक नामांकित वैद्यबुवा, आणि त्यांचं लिखाण वाचण्याजोगं करीत असे मी. एका बुधवारी दुपारी तीन वाजता वृत्तसंपादक माझ्या टेबलापाशी आले.

"बुवांचा मजकूर आलेला नाही. भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेलेत."

"मग?"

"मग तू लिही."

"मी?"

"आठ वर्षं तूच त्यांचा मजकूर दुरुस्त करतोयस. आता दुरुस्त करण्याआधीचाही कर."

"पण ते वैद्य आहेत."

"ते पानावर दिसत नाही. पानावर नाव दिसतं, आणि नाव त्यांचंच राहणार." मग ते खाली वाकले. "हे या टेबलाबाहेर जाता कामा नये. बुवा मानी आहेत. कळलं तर सदर बंद. आणि सदर बंद झालं तर..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. अर्धी वाक्यं पूर्ण करण्याचाच मला पगार मिळत असल्यानं मी ते मनात पूर्ण केलं.

विषय शोधावा लागला नाही. डोक्यात आप्पांचं रक्तच होतं. ऑफिसच्या ग्रंथालयातून तीन पुस्तकं आणली, आणि कोलेस्टेरॉल उतरवणारे सात उपाय काढले: लसूण, मेथी, अर्जुनाची साल, गुग्गुळ, त्रिफळा चूर्ण, इसबगोल आणि कोरफडीचा रस. प्रत्येकाला एक परिच्छेद, प्रत्येकाचं प्रमाण, सकाळ-संध्याकाळ कशाबरोबर घ्यायचं तेही. शेवटी चार ओळींचा एक परिच्छेद लिहिला, तो असा: 'वरीलपैकी कोणताही एकच उपाय, तोही डॉक्टरांना अथवा वैद्यांना विचारून करावा. एकाहून अधिक औषधे एकत्र घेऊ नयेत. पोट बिघडल्यास ताबडतोब थांबावे.' हा परिच्छेद लिहून मी समाधानानं पेनाला टोपण लावलं. जबाबदार पत्रकारिता म्हणतात ती हीच, असंही मला वाटलं.

साडेचारला छपाईखात्याचे फोरमन सावंत दारात उभे राहिले. "साहेब, सदराच्या चार ओळी वाढतायत."

"कशामुळे?"

"जाहिरात मोठी आली."

"कसली?"

"वनस्पती तुपाची."

वर्तमानपत्रात मजकूर लिहिण्याची एक रीत असते. महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. म्हणजे जागा कमी पडली तर डोळे मिटून खालून कापता येतं. नव्या मुलांना ही रीत शिकवण्याचं काम माझ्याकडे होतं. मी त्या वेळी दुसऱ्याच एका बातमीच्या मथळ्याची अक्षरं मोजत होतो. मान वर न करता म्हणालो, "खालून काढा."

गुरुवारी सकाळी साडेसहाला आप्पा गॅलरीत पेपर आणि पेन्सिल घेऊन बसले होते. आमच्या पेपरातल्या बातम्या ते सहसा वाचत नसत. ("तुमी सायबांचा ऐकान लिवतास. वैद्य सोताच्या अकलेन लिवता.") सदर मात्र ओळीखाली रेघा मारून वाचीत.

"वसंता, हय ये! वैद्यान काय लिवल्यान हा बघ! जसा काय माकाच बघून लिवल्यान!"

आठ वर्षांत माझ्या लिखाणाचं आप्पांनी केलेलं हे पहिलं कौतुक. मी गंभीर चेहऱ्यानं पेपर हातात घेतला आणि वाचू लागलो. सहावा परिच्छेद. सातवा परिच्छेद. आणि त्याच्याखाली, जिथं माझी जबाबदार पत्रकारिता असायला हवी होती, तिथं एक प्रसन्न बाई वनस्पती तुपाचा डबा हातात घेऊन हसत होती!

"आप्पा," मी सावकाश म्हणालो, "हे सगळं एकत्र घ्यायचं नसणार."

"खय लिवलेला आसा?"

"लिहिलेलं नाही, पण..."

"मगे?"

"सातातलं कुठलंतरी एक, असं असेल."

"तू वैद्य कदी झालस?"

मी मदतीसाठी शैलाकडे बघितलं. तिनं सदर वाचलं. "सात परिच्छेद आहेत. कुठंही 'किंवा' नाही, कुठंही 'कोणताही एक' नाही. आमच्या परीक्षेत अशा वेळी सगळे प्रश्न सोडवायचे असतात."

'हे मी लिहिलंय' एवढं एक वाक्य बोललो असतो तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. बोललो नाही. वृत्तसंपादकांचं अर्धं वाक्य हे एक कारण होतं. दुसरं, आणि खरं सांगायचं तर मोठं, कारण हे की ते कौतुक आणखी एक-दोन दिवस ऐकावं असं मला वाटत होतं. एक-दोन दिवसांत मेथीनं असं काय बिघडणार होतं?

शैला संध्याकाळी स्टेशनाजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेली. ती तोंड उघडायच्या आत दुकानदार म्हणाला, "बुवांचं ना? सातही?" त्यानं सकाळपासून सहा पुड्यांच्या जुड्या बांधूनच ठेवल्या होत्या. कोरफड तेवढी आपापल्या कुंडीतली.

आमच्या स्वयंपाकघरात त्या संध्याकाळी जे तयार झालं, त्याचं वर्णन मी वस्तुनिष्ठपणे करतो. रंग: भिजलेल्या गोणपाटाचा. वास: पहिला लसणीचा, त्यामागून धुपाचा, त्यामागून काहीतरी ज्याला नाव नाही. काढा उकळून पेल्यात ओतला तोवर तो निदान पातळ होता. मग शैलानं त्यात इसबगोल घातला. दोन मिनिटांत त्यात चमचा उभा राहिला. हात न लावता!

आप्पांनी 'जय वेतोबा' म्हणून एका दमात पेला संपवला, डोळे उघडले आणि म्हणाले, "उतारलासा वाटता."

"आता तुम्ही," शैलानं दुसरा पेला माझ्यापुढे ठेवला.

"मी कशाला? मला काही झालेलं नाही."

"आप्पांना एकटं वाटायला नको. शिवाय आरशात बघता का कधी स्वतःकडे, बाजूनं?"

स्वतःचा मजकूर गिळायची वेळ पुष्कळ पत्रकारांवर येते म्हणे. सकाळ-संध्याकाळ, अनशापोटी आणि चमच्यानं, ती माझ्यावरच आली असावी.

परिणाम शुक्रवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी सुरू झाला. तपशील देत नाही. एवढंच नोंदवतो की घरात माणसं तीन आणि संडास एक होता, आणि साडेसहा वाजता दाराबाहेर मी आणि दाराआत आप्पा असा संवाद झाला.

"आप्पा, किती वेळ?"

"चरबी भायर पडतासा मगे! येळ लागतलोच!"

इथवर प्रकरण घरगुती होतं. पण आप्पांना आनंद एकट्यानं पचवता येत नसे. (त्या आठवड्यात काहीच पचत नव्हतं.) ते कात्रण घेऊन बाकावर गेले. "आंग कसा हलका झाला हा माझा!" ते सांगू लागले. जयंतीभाईंनी कात्रण मागून घेतलं, सातही उपाय मराठीत आणि गुजरातीत स्वच्छ अक्षरात उतरवले आणि सूचनाफलकावर लावले. वर मथळा दिला: 'कोलेस्टेरॉल. सर्व सभासदांसाठी.' खाली सवयीनं सही केली आणि सोसायटीचा शिक्का मारला.

शिक्का बघून पुष्कळ सभासदांचा समज झाला की हा कमिटीचा ठराव आहे आणि न पाळल्यास दंड होईल. ज्यांना तसं वाटलं नाही, त्यांना आपण मागे पडू असं वाटलं. शनिवारी संध्याकाळी जिन्यातून चढताना मला तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत एकच वास लागला. दाराआडून भांडणंही ऐकू येत होती. "अहो, घट्ट व्हायच्या आत प्या!" "प्यायचं काय, हे चावावं लागतंय!"

आमच्याकडे पाणी सकाळी दीड तास येई. त्यात गच्चीवरची टाकी भरे आणि ती संध्याकाळपर्यंत पुरे. रविवारी सात वाजता टाकी काठोकाठ भरली होती. सात चाळीसला ती कोरडी पडली.

"जयंतीभाई! पाणी गेलं!"

"मला काय सांगते? मी पण आतच हाय!"

"आत्ताच तर भरली होती टाकी!"

"अरे भाई, सगळा बिल्डिंग एकसाथ साखळी खेचते तर टाकी बिचारी काय करेल?"

नऊ वाजेपर्यंत पहिल्या सूचनेशेजारी दुसरी सूचना लागली. तीत मजलावार वेळा ठरवून दिल्या होत्या. तळमजला सहा ते सव्वासहा, पहिला मजला सव्वासहा ते साडेसहा, याप्रमाणे. ती वाचून तिसऱ्या मजल्यावरचे एक गृहस्थ जिन्यातच ओरडले, "पावणेसात वाजेपर्यंत थांबू? माझ्या पोटाला घड्याळ कळत नाही हो!" आणि एका वेळी तीन पायऱ्या चढत निघून गेले. त्यांचा गुडघा दुखतो असं मी वर्षभर ऐकत होतो.

सोमवारी फाटकाजवळ सर्व सभासदांची तातडीची सभा भरली. (भरली अशी की एका वेळी निम्मेच सभासद हजर असत आणि ते सारखे बदलत.) कारणाचा शोध सुरू झाला. औषधावर कुणीही संशय घेतला नाही. औषध छापलेलं होतं! वीस मिनिटांच्या चर्चेनंतर एकमतानं ठरलं की दोष पाण्यात आहे. पालिकेला तक्रार करायची. एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं, पण जयंतीभाईंनी माझा हात धरला.

"तुम्ही पेपरवाला आहे ना? उद्याच्या पेपरमधी टाका. बोरीवलीत खराब पाणी, सतरा फॅमिली आजारी."

"खात्री करून घ्यावी लागेल," मी पुटपुटलो.

"खात्री? या माझ्या घरी. दाखवतो खात्री!"

मी लिहिलेल्या मजकुरानं आजारी पडलेली माणसं मला त्याच आजाराची खोटी बातमी लिहायला सांगत होती. आठ वर्षांत अशी संपूर्ण नाकेबंदी माझी कुणी केली नव्हती. मी 'बघतो' म्हणालो आणि निघालो. निघायला माझ्याकडे दुसरंही तातडीचं कारण होतं.

मंगळवारी सकाळी पालिकेचा माणूस बाटली घेऊन पाण्याचा नमुना न्यायला आला. तो वर गच्चीत जात असताना आप्पा कामावर जायला खाली उतरत होते, त्यांच्यामागे मी. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी कठडा धरला, डबा पायरीवर ठेवला आणि ते खाली बसले. चेहरा पांढराफटक. गेले चार दिवस ते प्रमाण वाढवीतच होते हे मला तेव्हा शैलाकडून कळलं. जितकं जास्त घेऊ तितकं लवकर उतरेल, असा त्यांचा हिशेब. पुढच्या सोमवारी तपासणी होती. सहा दिवस राहिले होते, आणि ज्या माणसाला डॉक्टरांपुढे ठणठणीत उभं राहायचं होतं, त्याला माझ्या लेखणीनं जिन्यात बसवलं होतं.

मी शैलाला मारलेली हाक ऐकून दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेबाईही बाहेर आल्या. त्या पालिकेच्या रुग्णालयात परिचारिका. त्यांच्या घरी कुणी काढा घेतला नव्हता. त्यांनी आप्पांची नाडी बघितली, मीठ-साखरेचं पाणी आणून पाजलं आणि विचारलं, "आप्पा, काय काय घेताय?"

आप्पांनी खिशातून कात्रण काढून दिलं. बाईंनी ते उभ्या उभ्या वाचलं.

"सात? एकदम? अहो, यातली तीन तर जुलाबाचीच! आधी हे बंद करा. आणि ज्यानं हे लिहिलंय ना, त्याला एकदा माझ्या वॉर्डात पाठवा. मी बघते त्याच्याकडे."

मी त्यांच्या वरच्याच पायरीवर आप्पांचा डबा हातात धरून उभा होतो. "बुवांना कळवतो," मी म्हणालो.

घरात येऊन आप्पांना खाटेवर निजवलं, कंपनीत निरोप धाडला आणि मी दार लावून घेतलं.

"आप्पा, ते सदर मी लिहिलं होतं."

"खयचा सदर?"

"कोलेस्टेरॉलचं. बुवा रत्नागिरीला होते. त्यांच्या नावानं मी लिहिलं."

 आप्पांनी ठामपणे मान हलवली. "नाय."

"खरंच सांगतोय."

"तुज्यान इतक्या बरा लिवक जावचा नाय."

"अहो, काय हे!" शैला रागावली. "आप्पांची तब्येत काय, तुम्ही मस्करी कसली करताय?"

आयुष्यात एकदा गुन्हा कबूल केला, तर पुराव्याअभावी सुटलो! शेवटी पुरावा आणायला मी ऑफिस गाठलं. सावंतांकडे छापून झालेला मजकूर तारेला खोचून ठेवलेला असे. त्यातून माझ्या हस्ताक्षरातले कागद काढून दुपारी परत आलो आणि आप्पांच्या हातात दिले. त्यांनी चष्मा लावला. अक्षर बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा अक्षर बघितलं. शेवटच्या कागदावर आले. त्या चार ओळींवर सावंतांनी निळ्या पेन्सिलीनं काट मारली होती. आप्पांनी त्या दोनदा वाचल्या.

"ह्या कोणी कापल्यान?"

"मी कापायला सांगितलं."

"वाचून?"

"न वाचता."

आप्पांनी कागद खाली ठेवले. मग म्हणाले, "गिरणीत एक धागो तुटलो तर अख्खो माग थांबवचो लागता. तुमचो माग चलतच ऱ्हवता काय रे?"

 ते उठले, भिंतीला धरत स्वयंपाकघरात गेले आणि उरलेला काढा मोरीत ओतला. (तो जायला वेळ लागला. शैलाला मागून दोन तांबे गरम पाणी ओतावं लागलं, तेही साठवणीतलं.)

"मी खाली जाऊन सगळ्यांना सांगून टाकतो," मी म्हणालो.

"काय सांगतलस?"

"खरं काय ते."

"आणि तुजी नोकरी?"

"जाईल बहुतेक."

"गप ऱ्हव. माजी अजून कायम जावक नाय, आणि तू तुजी घालवतलस? एका घरात कितके टेंपरवारी ठेवचे?"

संध्याकाळी आप्पा मीठ-साखरेचं पाणी पिऊन, माझा खांदा धरून बाकापर्यंत गेले आणि बसता बसता म्हणाले, "वैद्यान रत्नागिरीसून निरोप धाडल्यान. सगळा एकत्र घेव नको. खयचाय एकच घेवचा, ता पण डॉक्टराक इचारून. पोट बिघाडला तर बंद." जशाच्या तशा चार ओळी. पेपरवाल्याचा बाप सांगतोय म्हटल्यावर कुणी शंका घेतली नाही. दहा मिनिटांत ही बातमी तिसऱ्या मजल्यावर पोचली. माझ्या कारकिर्दीत इतक्या वेगानं पसरलेली आणि इतकी लोकोपयोगी बातमी दुसरी नाही, आणि ती पूर्ण खोटी होती.

गुरुवारी पेपरात दुरुस्तीही आली, मीच लिहिलेली. आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळी. दुरुस्ती कुणी वाचत नाही हे आम्हा लोकांना माहीत असतं, आणि म्हणूनच ती छापायला आम्ही फारसे घाबरत नाही. आमच्या सोसायटीत ती एकाच व्यक्तीनं वाचली. कांबळेबाईंनी मला जिन्यात गाठलं.

"दुरुस्ती वाचली, भाऊ."

"हो, बुवांनी तातडीनं पाठवली."

"बुवांना सांगा, वॉर्डात एक खाट धरून ठेवलीय त्यांच्यासाठी. खिडकीजवळची. लिहायला उजेड बरा येतो." आणि त्या हसत वर गेल्या. त्यांना किती कळलं होतं हे विचारायचं धाडस मला आजवर झालेलं नाही.

पाण्याचा अहवाल आला. पाणी उत्तम होतं. जयंतीभाईंनी फलकावरच्या दोन्ही सूचना स्वतःच्या हातानं काढल्या आणि घडी करून खिशात ठेवल्या. "शिक्का हाय ना त्याच्यावर," ते म्हणाले.

आता उरले वैद्यबुवा. शनिवारी ते रत्नागिरीहून परतले आणि थेट ऑफिसात आले. मी टेबलाखाली शिरायच्या बेतात होतो. बुवांच्या हातात वाचकांच्या पत्रांचा गठ्ठा होता. गुण आला, पोट साफ झालं, वजन उतरलं, अशी अनेक पत्रं. (तक्रारीचं एकही नव्हतं. तक्रार करणाऱ्यांना बसून पत्र लिहायला सवड मिळाली नसावी.) बुवा खुर्चीत बसले, उपरणं सावरलं आणि वृत्तसंपादकांना म्हणाले, "तो कोलेस्टेरॉलवरचा माझा मजकूर लोकांना फारच भावलेला दिसतो."

वृत्तसंपादकांनी पेपर चेहऱ्यासमोर धरला. पेपर बराच वेळ हलत होता.

"शेवट मात्र जरा तुटक वाटला," बुवा माझ्याकडे वळून म्हणाले. "तुम्ही माझ्या मजकुराला हात जपून लावत जा."

"चुकलो," मी म्हणालो. त्या पंधरवड्यात ऑफिसात मी काढलेला हा एकमेव पूर्ण खरा शब्द.

सोमवारी मी रजा घेऊन आप्पांबरोबर कांदिवलीला गेलो. मधले सहा दिवस त्यांनी मऊ भात, ताक आणि दुधीची पातळ भाजी यांवर काढले होते. बांगड्याचं नावसुद्धा घरात निघालं नव्हतं. रंग परत आला होता. कंपनीच्या दवाखान्यात रक्त देऊन झाल्यावर आप्पांनी डॉक्टरांना सांगितलं, "ह्येचाय बघा. घरातलोच आसा." मी नको नको म्हणत असताना माझीही बाही वर झाली.

गुरुवारी अहवाल घ्यायला गेलो तेव्हा आप्पा खुर्चीच्या काठावर बसले होते. डॉक्टरांनी कागद वर धरला, खाली धरला, मागचा कागद काढून शेजारी ठेवला. आप्पांनी गुडघ्यावरची टोपी उलटी केली, पुन्हा सुलटी केली. मला त्या दोन मिनिटांत आमच्या पेपराच्या सगळ्या पानांवरचा सगळा मजकूर खोटा ठरला तरी चालला असता, फक्त हा एक आकडा खरा उतरावा असं वाटत होतं.

"उतरलंय," डॉक्टर म्हणाले. "अजून थोडं हवं, पण उतरलंय. काय केलंत?"

"पोटाक सुट्टी दिलंय," आप्पा म्हणाले.

"बांगडे तळून नाही, वाफवून खा. रोज चाला. तीन महिन्यांनी दाखवा." आणि डॉक्टरांनी कायम करण्याच्या कागदावर सही केली. आप्पांनी तो कागद घेतला आणि अगदी तळापर्यंत वाचला. मग घडी न घालता दोन्ही हातांत धरून ठेवला.

"आता तुमचं," डॉक्टर माझ्याकडे वळले आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली. "वडिलांचं पहिल्यांदा होतं ना, त्याहून तुमचं जास्त आहे. काय काम करता?"

"पेपरात असतो."

"अरे वा! मग तुम्हाला मी वेगळं काय सांगणार? तुमच्याकडे ते वैद्य लिहितात ना, माझी आई नेमानं वाचते. त्यांनाच विचारा की."

मी खिडकीबाहेर बघू लागलो. आप्पा टोपी डोक्यावर ठेवत उठले.

"डॉक्टर, तेका तुमीच कायता लिवन द्या," ते म्हणाले. "वैद्य तेच्या घरातच आसा. ताच तर दुखणा आसा!"

डॉक्टरांना काही कळलं नाही. त्यांनी मला पथ्याचा एक कागद लिहून दिला: तेल कमी, तूप बंद, वडे बंद, चालणं रोज. मी तो तिथंच उभ्यानं तीनदा वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत. बाहेर पडल्यावर आप्पांना 'आलोच' म्हणून पुन्हा मागे फिरलो आणि दवाखान्याच्या दारावरची पाटी नीट वाचून आलो. लिहिणारा माणूस खरोखरच डॉक्टर आहे ना, एवढी खात्री मला करून घ्यायची होती.